माझ्यापुरतं विचारा

आमच्या कुरुपेरे गावात भांडणांना तोटा कधीच नव्हता. याचं डुक्कर त्याच्या कसाव्याच्या, म्हणजे कंदांच्या शेतात शिरलं, त्याने मासे अडवायचं खुंटांचं कुंपण गुपचूप वीतभर पुढे सरकवलं, असं रोज काहीतरी चालायचंच. दोन्ही बाजू घसा सुकेस्तोवर भांडायच्या आणि मग कुणीतरी कंटाळून म्हणायचं, "चला, बाईंना विचारू." बाई म्हणजे ओरमिंदा, गावातल्या एका खोलीच्या शाळेची मास्तरीण. तिचं स्वतःचं शिक्षण जेमतेम, पलीकडच्या काठावरच्या नन्सनी दिलं तेवढंच. पण तिच्या शब्दापुढे गावात कुणी ब्र काढत नसे. याचं कारण तिची हुशारी नव्हे. कारण असं, की बाई डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायची, त्याच्यापुढे एक अक्षर नाही.

एकदा सणाला आलेल्या पाद्रीबाबांची मिस्सेची, चर्चमधल्या प्रार्थनेची वाइन गायब झाली. संशय झेफेरिनोवर, कारण गावात काहीही गायब झालं की संशय झेफेरिनोवरच यायचा. पाद्रीबाबांनी बाईला बोलावून विचारलं. ती म्हणाली, बाटली हातात घेऊन जाताना मी त्याला पाहिलं, पिताना पाहिलं नाही. मग बाटली रिकामी कशी झाली, असं पाद्रीबाबांनी चिडून विचारलं.

"ते बाटलीला विचारा, पाद्रीबाबा. मला माझ्यापुरतं विचारा."

पाद्रीबाबा हसले, झेफेरिनो वाचला, आणि ते वाक्य गावात म्हणीसारखं झालं. नवरे बायकांना ऐकवायचे, पोरं मास्तरणीलाच ऐकवायची आणि कानफटात खायची.

त्या काळी देशात लष्कराचं राज्य होतं. पण आमचं बेट ॲमेझॉनच्या मुखाशी, चिखलात आणि खारफुटीत रुतलेलं. सरकार आम्हाला फक्त लस टोचायच्या वेळी आणि मतं नसलेल्या निवडणुकांच्या वेळी भेटायचं. त्या वर्षी मे महिन्यात दिवे यायला लागले, आणि सरकार पहिल्यांदाच न बोलावता आलं.

दिवे म्हणजे काय, ते सांगणं कठीण आहे. सूर्य बुडाला की पाण्यावरून निळसर हिरवा उजेड यायचा, खाली खाली, आवाज न करता. कुणाच्या होडीवर थांबायचा, कुणाच्या छपरावर. ज्यांच्या अंगावर तो पडला त्यांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी व्हायची, आणि पुढे कितीतरी दिवस अंगात त्राण नसायचं. कोळ्यांनी संध्याकाळचं पाण्यावर जाणं सोडलं. चारचार कुटुंबं एकाच घरात झोपायला लागली. माणसं सणासाठी राखून ठेवलेले फटाके आभाळाकडे तोंड करून उडवायची, बायका पातेली बडवायच्या. आमची समजूत अशी, की जे काही आहे त्याला आवाज आवडत नसणार. कोणत्याही शहाण्याला आमच्या बायकांच्या पातेल्यांचा आवाज आवडला नसता, तेव्हा समजूत काही अगदीच वेडी नव्हती.

मग हवाई दलाचं पथक आलं. एक कप्तान, चारपाच माणसं, तंबू, दुर्बिणी आणि तिकाटण्यांवर चढवलेले कॅमेरे. त्यांनी शाळा ताब्यात घेतली. गणवेशातल्या माणसापुढे कुरुपेरेची माणसं तोंड उघडत नसत. त्या दिवसांत शहाणपण त्यातच होतं. म्हणून कप्तानाने ओरमिंदाला शेजारी बसवलं. माणसं तिच्याकडे बघून बोलायची आणि पथक लिहून घ्यायचं.

त्या पथकात वाल्दोमिरो नावाचा एक सार्जंट होता. फोटो काढायचं काम त्याचं. थेट दक्षिणेकडचा गडी, गोरापान, डासांनी फोडून काढलेला. दक्षिणेतली माणसं असाईत, आमच्या जांभळ्या ताडफळांच्या गरात, साखर घालून खातात, म्हणजे आमच्या दृष्टीने पापच करतात. ओरमिंदाच्या नवऱ्याने, देउसदेतेने, त्याच्या हातातली साखर काढून घेतली, वाडग्यात कसाव्याचं भाजकं पीठ टाकलं, वर तळलेला मासा ठेवला आणि म्हणाला, "आता माणसासारखं खा." त्याने खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी तो न बोलावता परत आला. तेव्हापासून तो संध्याकाळी त्यांच्याच ओट्यावर दिसायचा. घरी त्याची दोन लहान मुलं होती. त्यांचे फोटो तो ओरमिंदाच्या सात वर्षांच्या नाझिल्दाला पुन्हा पुन्हा दाखवायचा.

जूनमध्ये सांजांव आला, आमचा शेकोटीचा सण. दिव्यांची भीती होती, तरी शेकोटी पेटलीच. सांजांवची शेकोटी पेटली नाही असं वर्ष आमच्या बेटाने पाहिलेलं नाही. शेकोटीशी आमच्याकडे नाती जोडतात. दोघांनी जाळाच्या दोन बाजूंना उभं राहायचं, जाळावरून हात धरायचे, संताला साक्षी ठेवून तीनदा बोलायचं आणि जागा बदलायची. त्या क्षणापासून ते एकमेकांचे कोंपाद्रे आणि कोमाद्रे, म्हणजे मानलेले भाऊबहीण. पाद्रीबाबा याला नातं मानत नाहीत. पाद्रीबाबांना विचारतो कोण? रक्ताच्या भावाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं. शेकोटीच्या कोंपाद्रेशी भांडता येत नाही, त्याला खोटं सांगता येत नाही, आणि त्याने पोटात ठेव म्हणून सांगितलेली गोष्ट मरेपर्यंत बाहेर काढता येत नाही.

सार्जंटाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोरींनी त्याला चिडवून उठवलं. एवढा मोठा सैनिक आणि जाळाला घाबरतो, असं कुणीतरी म्हणालं. त्याने हसत हसत हात पुढे केला. ओरमिंदा आधी नको म्हणाली. देउसदेतेच म्हणाला, "अगं धर की. पोरगा चांगला आहे, आईपासून लांब आहे." तिने हात धरला, तीनदा शब्द म्हटले, जागा बदलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सार्जंटाला वाटलं खेळ झाला. तो पुन्हा बिअर प्यायला गेला. ओरमिंदा मात्र घरी जाऊन संताच्या फोटोपुढे उभी राहिली, कारण तिच्या नात्यात आता एक माणूस वाढला होता.

पुढच्या आठवड्यात देउसदेते तापाने पडला. कुंपणात अडकलेले मासे ओहोटीला काढले नाहीत तर कुजतात, आणि ओहोटी नेमकी दिवेलागणीला होती. ओरमिंदा टोपली घेऊन निघाली. सार्जंट म्हणाला, "कोमाद्रे, एकट्या जाऊ नका," आणि कॅमेरा खांद्यावर टाकून तिच्याबरोबर गेला.

चिखलात गुडघाभर उतरून ती मासे काढत होती, तेव्हा खारफुटीच्या शेंड्यांवरून ते आलं आणि कुंपणाच्या खुंटांवर थांबलं. आमच्या मोठ्या होडीएवढं असेल. आवाज नाही. पाण्यावर त्याचा उजेड पडला होता आणि त्या उजेडात टोपलीतले मासे निळे दिसत होते. ओरमिंदा पुढे आयुष्यभर एवढंच सांगायची. ते गोल होतं की लांब, यावरही ती नक्की बोलायची नाही, कारण कडा तिला नीट दिसल्या नव्हत्या. सार्जंटाने आधी फोटो काढले. तिने खटके ऐकले. मग तो चिखलात बसला, तिचा हात धरला आणि आईला हाक मारायला लागला. ते वर उचललं गेलं आणि समुद्राच्या बाजूला निघून गेलं. ओरमिंदाने एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने सार्जंट ओढत काठावर आणला.

नाझिल्दा ओट्यावर होती. तिने दोघांना येताना पाहिलं. सार्जंट कमरेपर्यंत चिखलाने भरलेला, पायरीवर बसून पाणी प्यायला. नाझिल्दाने काय झालं म्हणून विचारलं. आई म्हणाली, "आत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो दाढी करून, कडक कपड्यांत. उभ्यानेच बोलला. रात्री त्याने कप्तानाला सगळं सांगितलं होतं. कप्तानाने फिल्म काढून घेतली, पाकिटात घातली, वर लाख लावली. फिल्म राजधानीला जाणार होती आणि हुकूम असा होता, की पथकातल्या कुणीही काहीही पाहिलेलं नाही, आता नाही आणि पुढेही नाही. ज्याने पाहिलं असेल त्याची नोकरी जाईल, आणि त्या वर्षांत नोकरीवर थांबलं तर नशीब समजायचं.

"कोमाद्रे, माझी दोन लेकरं आहेत," तो म्हणाला. "मी तिथे नव्हतो, असं सांगाल?"

"नव्हता असं मी सांगणार नाही. मी खोटं बोलत नाही."

त्याचा चेहरा पडला.

"होता असंही सांगणार नाही," ओरमिंदा म्हणाली. "जाळावर हात धरलाय तुमचा. मी माझ्यापुरतं सांगेन. तुमचं तुमच्यापाशी."

त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं, की त्या रात्री तो खेळ नव्हता.

महिन्याभराने पथकाने गाशा गुंडाळला. जायच्या आदल्या दिवशी चर्चच्या अंगणात सगळ्या गावाला जमवलं. कप्तानाबरोबर शिक्षण खात्याचा एक साहेब आला होता. कप्तानाने चौकशीचा निकाल सांगितला. संध्याकाळचा एक तेजस्वी तारा, दमट हवा, आणि लोकांचे हळवे स्वभाव. गावाने पुन्हा याविषयी बोलू नये, बाहेरच्याशी तर मुळीच नाही, आणि पथक इथे आलं होतं हेही बोलू नये. सरकारी गुपित आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अख्ख्या गावाने पाहिलेली गोष्ट त्याच गावापासून लपवायची, याला ती मंडळी गुपित म्हणत होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मग साहेबाने ओरमिंदाला पुढे बोलावलं. तिने काही पाहिलं नाही असं सगळ्यांसमोर, विशेषतः मुलांसमोर म्हणावं, एवढंच काम होतं. बाईने म्हटलं की गाव मानणार, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. चार शब्द बोलली असती तर शाळा राहिली असती. देउसदेते तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं, बोल आणि सुट.

"मी पाहिलं," ओरमिंदा म्हणाली. "कुंपणाच्या खुंटांवर थांबलं होतं. काय होतं ते मला ठाऊक नाही. होतं एवढं ठाऊक आहे."

कप्तानाने विचारलं, "एकट्याच होतात तुम्ही?"

सार्जंट वाल्दोमिरो त्याच्या मागे, दोन पावलांवर उभा होता. नजर समोर, हात मागे. ओरमिंदाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला माझ्यापुरतं विचारा," ती म्हणाली.

"म्हणजे एकट्याच," कप्तान म्हणाला आणि गावाकडे वळून हसला. नवरा आजारी, संध्याकाळची वेळ, पोट रिकामं, बाईमाणूस एकटं. अशा वेळी मेणबत्तीसुद्धा विमान दिसते, असं तो म्हणाला. पथकातले दोघेतिघे हसले. गावातलं कुणी हसलं नाही. मला आमच्या गावाचा अभिमान वाटतो तो या गोष्टीचा. कप्तानाच्या कमरेला पिस्तूल होतं, आणि तरी झेफेरिनोसुद्धा हसला नाही.

शाळा गेली. शहरातून दुसरी मास्तरीण आली. बिचारी चांगली होती, वीस वर्षं राहिली, आमच्यातच म्हातारी झाली, पण तिला गाव शेवटपर्यंत "नवीन बाई" म्हणालं. ओरमिंदा पीठ भाजायच्या खोपटात जायला लागली. मोठ्या तव्यावर कसाव्याचं पीठ फिरवताना धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे. दिवे ख्रिसमसच्या सुमाराला यायचे बंद झाले, पण बातमी बेलें शहरात पोचलीच. वर्तमानपत्रात चित्र छापून आलं, झाडू घेतलेली एक मास्तरीण आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेला परग्रहावरचा हिरवा माणूस. खाली गावाचं नाव होतं.

ते चित्र सगळ्यात जास्त भोगलं नाझिल्दाने. ती पुढे शिकायला बेलेंला गेली तेव्हा वर्गातली पोरं विचारायची, तुझी आई आज कोणत्या ताऱ्यावर जेवायला गेली? ती सुट्टीत घरी यायची ती तोंड पाडून. तिने त्या संध्याकाळी पायरीवर बसलेला माणूस पाहिला होता. तिला ठाऊक होतं की आईने एक नाव घेतलं तर सगळ्या बेलेंचं तोंड बंद होईल. ती आईला विनवायची, चिडायची, एकदा तर ताट ढकलून उठली.

"तो कोण लागतो तुझा? एक ओळ लिहिली का त्याने आजवर? त्याच्यासाठी तू मला खोटारडीची मुलगी केलंस."

"तू खोटारडीची मुलगी नाहीस," ओरमिंदा म्हणाली. "जेव."

"मग मी सांगते. मी पाहिलंय त्याला."

"तू त्याला पायरीवर पाहिलंस. पायरीवर काय झालं ते सांग हवं तर. पाणी प्यायला."

यावर नाझिल्दा जास्तच रागावली. नाझिल्दा नर्स झाली, बेलेंलाच राहिली. यायची, औषधं आणायची, आईचे डोळे तपासायची, पण त्या विषयावर मायलेकींत पडदा पडला तो पडलाच. देउसदेते वारला तेव्हाही सार्जंटाकडून शब्द आला नाही. देउसदेते शेवटच्या दुखण्यात म्हणाला होता, असला कसला गं तुझा कोंपाद्रे? त्यावर ओरमिंदा म्हणाली, धर म्हणून मला तुम्हीच सांगितलंत. दोघंही हसले, असं शेजारीण सांगते.

लष्कराचं राज्य गेलं, पैसे बदलले, राष्ट्राध्यक्ष बदलले, पण ती कागदपत्रं कुलपातच राहिली. असं पथकच नव्हतं, असं सरकार आधी म्हणायचं. मग पथक होतं पण कागद नाहीत, असं म्हणायला लागलं. मग कागद आहेत पण ते उघडले तर देशाला धोका आहे, असं. आमच्या कुरुपेरेत मीठ वेळेवर पोचत नव्हतं, आणि आमच्यामुळे देशाला धोका होता! शेवटी बेलेंच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक इव्होने नावाच्या बाईंनी आणि त्यांच्यासारख्या चिवट माणसांनी अर्जांवर अर्ज करून थोडे कागद सोडवले. त्यांत निम्म्या ओळी काळ्या केलेल्या. फोटो एकही नाही. पण ओरमिंदाबद्दलच्या ओळी काही काळ्या केल्या नव्हत्या. 'मास्तरीण, एकटी होती, स्वभाव हळवा, विश्वास ठेवण्याजोगी नाही.' आणि शेवटी, 'पथकातील कोणाही सदस्यास काहीही दिसले नाही.'

हे कागद लोकांसमोर वाचायचे, म्हणून पलीकडच्या काठावरच्या नगरपालिकेच्या सभागृहात एका सकाळी बैठक ठेवली. कुरुपेरेची दोन होड्या भरून माणसं गेली. ओरमिंदा तेव्हा सत्तरी ओलांडलेली. नाझिल्दा तिच्याबरोबर होती. तिला यायचं नव्हतं, पण आईचे डोळे अधू झाले होते. सभागृहात मंचावर प्राध्यापक इव्होने, नगराध्यक्ष, सरकारी माहिती खात्याचा एक तरुण वकील, आणि टाय बांधलेला एक गोरा म्हातारा. पथकातला जिवंत असलेला शेवटचा माणूस म्हणून खात्याने त्याला दक्षिणेतून विमानाने आणलं होतं.

नाझिल्दाने त्याला लगेच ओळखलं आणि तिचा हात आईच्या दंडावर घट्ट झाला. ओरमिंदाने जवळ गेल्यावर ओळखलं. शेकोटीचा कोंपाद्रे भेटला की काहीही झालेलं असो, आधी त्याची खुशाली विचारायची, ही आमची रीत. ती मंचापाशी गेली.

"कोंपाद्रे, केस पांढरे झाले की," ती म्हणाली. "लेकरं बरी आहेत?"

म्हाताऱ्याने वकिलाकडे पाहिलं. "बरी आहेत, सेन्योरा," तो म्हणाला आणि समोरचे कागद सारखे करायला लागला. सेन्योरा! परक्या बाईला म्हणतात तसं. आमच्या रांगांमधून कुजबुज उठली. ओरमिंदा जागेवर येऊन बसली.

प्राध्यापक इव्होनेंनी कागद वाचले. ओरमिंदाबद्दलच्या ओळी त्यांनी अडखळत वाचल्या, कारण ती समोरच बसली होती. मग वाल्दोमिरोची पाळी आली. त्याने टाइप केलेलं निवेदन वाचायला घेतलं. पथकाने शिस्तीने काम केलं, सर्व शक्यता तपासल्या, कोणाही सदस्याला... तिथे त्याला खोकला आला. पाणी प्यायला. वकील म्हणाला, सावकाश, घाई नाही. मध्येच प्राध्यापक इव्होने ओरमिंदाकडे वळल्या आणि आदराने म्हणाल्या, की बाई, अहवालात तुमच्यावर मोठा अन्याय झालाय असं मला वाटतं. त्या संध्याकाळी तुमच्याबरोबर खरंच कुणी नव्हतं का?

सगळं सभागृह तिच्याकडे बघायला लागलं. आता लष्कर नव्हतं, पिस्तूल नव्हतं, नोकरी कुणाचीच जाणार नव्हती. सांगायला काही हरकत उरली नव्हती. नाझिल्दा उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांचं तिच्या तोंडाशी आलं होतं. ओरमिंदाने तिचा हात धरून तिला खाली ओढलं.

"बस."

"आई, पुरे झालं आता."

"बस म्हणते ना. ते आपलं नाही." मग ती प्राध्यापक बाईंकडे वळली. "मी पाहिलं. कुंपणावर थांबलं होतं. माझ्यापुरतं मी तेव्हा सांगितलं, आताही तेच सांगते. दुसऱ्याचं मला विचारू नका, बाई. सांगणार नाही."

मंचावरच्या म्हाताऱ्याने हे सगळं पाहिलं. ओढलेला हात पाहिला, खाली बसलेली मुलगी पाहिली. ती मुलगी त्याने फोटो दाखवले होते ती आहे, हे त्याला कळलं असावं. त्याने समोरचा कागद उपडा ठेवला. वकील काहीतरी पुटपुटला. म्हाताऱ्याने मायक्रोफोन जवळ ओढला.

"बाई एकटी नव्हती," तो म्हणाला. "मी होतो. मी फोटो काढले. अख्खा रोल. मग मी चिखलात बसून रडलो आणि या बाईने मला ओढून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, माझं नाव घेऊ नका. तिने घेतलं नाही." त्याने ओरमिंदाकडे पाहिलं. "तिची शाळा गेली तेव्हा मी दोन पावलांवर उभा होतो. कोमाद्रे, मला माफ करा."

कुरुपेरेच्या दोन होड्यांची माणसं उठून उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसती उभी राहिली, टोप्या काढून, चर्चमध्ये उभी राहतात तशी. वकील कागद गोळा करत होता. पण आता काय गोळा करणार? सरकारने तीस वर्षं कुलपं घातली, लाख लावली, ओळी काळ्या केल्या, तरी त्यांचं गुपित फुटायचं ते फुटलंच. पीठ भाजणाऱ्या एका बाईकडे ना कुलूप होतं ना लाख, आणि तिच्याकडचं गुपित ज्याचं त्यानेच बाहेर काढेपर्यंत जागचं हललं नव्हतं.

बाहेर धक्क्यावर वाल्दोमिरो तिच्या मागे आला. टाय सुटलेला, चेहरा ओला. मी तुमची शाळा हिरावली, तुमचं नाव हिरावलं, असं तो म्हणत होता. ओरमिंदाला राग आला.

"शाळा गेली, ते खरं," ती म्हणाली. "त्याचं दुःख मला अजून आहे, खोटं कशाला सांगू? पण नाव तुम्ही कुठून नेणार होतात, कोंपाद्रे? ते माझ्यापाशीच होतं. आता उन्हात उभे राहू नका. सांजांवला या, बायकोला घेऊन या."

तो होय म्हणाला आणि सावलीला गेला. होडी यायला वेळ होता. नाझिल्दा धक्क्याच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती. तिथूनच तिने विचारलं,

"आई, मी आत सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं?"

"मी खरी ठरले असते," ओरमिंदा म्हणाली, "आणि तो खोटा."

"मग? तेच तर हवं होतं."

"आता तोही खरा ठरला," ओरमिंदा म्हणाली.

होडी लागली. बाजाराची वेळ होती, बाकं माणसांनी, कोंबड्यांच्या टोपल्यांनी आणि केळ्यांच्या घडांनी भरली होती, आणि कुणीही जागचं हलत नव्हतं. नाझिल्दा पुढे झाली. बेलेंमध्ये ती फार हळू बोलते, दवाखान्यात बोलतात तसं. पण त्या दिवशी तिचा आवाज मागच्या टोकाला इंजिनाशी बसलेल्या माणसालाही ऐकू गेला.

"सरका जरा सगळे. माझी आई आहे ही, तिला बसू द्या."